भाजणीचा वारा

अलार्म वाजायला लागला आणि त्याच वेळी खिशातला मोबाईल थरथरला. आग खोटी होती, फोन खरा होता. आमच्या ऑफिसात अधूनमधून अशी खोटी आग लागते. तेव्हा मी नारिंगी जाकीट घालून चौथ्या मजल्यावरच्या जिन्याशी उभी राहते, गळ्यात शिट्टी, आणि माणसांना खाली हाकलते. ही हौस माझी नाही. ज्या मीटिंगमध्ये हे काम वाटलं गेलं त्या दिवशी मी दाताच्या डॉक्टरकडे होते, आणि जो हजर नाही त्याच्या गळ्यात धोंड, हा सगळ्या ऑफिसांचा कायदा आहे. माणसं लॅपटॉप पोटाशी धरून, उरलेला चहा सांभाळत, एकमेकांची टर उडवत माझ्यासमोरून उतरत होती. आग लागलीय असं कुणालाच वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. आम्हाला हे सगळं शिकवायला शिवानी नावाची एक मुलगी येते, माझ्याहून बरीच लहान. ती म्हणते, "मॅडम, आवाज पोटातून काढा. घाबरलेली माणसं शब्द ऐकत नाहीत, आवाज ऐकतात." मी पोटातून ओरडले, "थांबू नका, खाली चला," आणि फोन कानाला लावला. पलीकडे नाना होते, माझे वडील. नाना कधी आपण होऊन फोन करत नाहीत. फोन आई करायची आणि नाना मागून खोकायचे, एवढाच आमच्या बोलण्यात त्यांचा वाटा. आई पौषात गेली. त्यानंतर नानांचा मिस्ड कॉल यायचा, मग मी लावायचे, मग आम्ही दोघंही गप्प बसायचो. आज मात्र ते लगेच बोलले. "नूतन, यंदा भाजनीला ये." मी म्हटलं, "मी? भाजणीला?" "तुझी आय न्हाई आता," ते म्हणाले, आणि फोन ठेवला. मी तिथंच जिन्याशी उभी राहिले. मजला रिकामा झाला, पंखे बंद झाले, अलार्म थांबला, तरी मी उभीच. शेवटी शिवानी वर आली आणि माझ्याकडे बघून हसली. "मॅडम, सगळे वाचले. तुम्ही तेवढ्या जळालात."

पुण्यात भाजणी म्हटलं की थालीपीठ. वेल्ह्याच्या पुढं, तोरण्याच्या अंगाला आमची वाडी आहे, तिथं भाजणी म्हणजे राब भाजायचा दिवस. भाताचं बी जिथं टाकायचं तेवढा तुकडा आधी भाजून काढतात. खाली शेण, त्यावर झाडांची तोडलेली टहाळं, त्यावर पालापाचोळा आणि गवत, सगळ्यांत वर बारीक मातीचा थर. भाजलेल्या जमिनीत तण उगवत नाही, रोप जोमानं येतं. ऐकायला सोपं आहे. पण हे करायचं भर वैशाखात, डोंगरावरचं गवत वाळून कडकडीत झालेलं असताना, आणि वारा काही कुणाच्या बापाचा नोकर नसतो. म्हणून राबाला काडी लावायची ती वारा जिकडे निघालाय त्या टोकाला. मग आग वाऱ्याच्या विरुद्ध, रडतखडत, बोटबोट मागं सरकते. माती नीट भाजते आणि आग माणसाच्या हातात राहते. चुकून वारा जिकडून येतो त्या टोकाला लावली, तर तीच आग वाऱ्याबरोबर पळत सुटते, बांध ओलांडते, गवतात शिरते, आणि मग डोंगर गेला म्हणून समजा. आमच्या भातखाचरांच्या एका अंगाला ओढा आहे, नुसते दगडगोटे, तिकडे कितीही ठिणग्या जाऊ देत. दुसऱ्या अंगाला डोंगर. डोंगराच्या पायथ्याशी वाडीतल्या सगळ्यांच्या गवताच्या गंजी, गोठे, आणि वर रान. तेव्हा प्रश्न एकच असतो: काडी ओढ्याकडनं लावायची की डोंगराकडनं? आणि आमच्या वाडीत त्याचं उत्तर एकच माणूस देतो. माझ्या जन्माच्या आधीपासून ते नाना देत आलेत.

ते कसं देतात हे मी लहानपणी पुष्कळदा पाहिलं आहे. सगळ्यांचे राब रचून तयार असतात, माणसं बांधावर टेकलेली, बायका ओल्या डहाळ्या आणि पाण्याच्या कळश्या घेऊन उभ्या. नाना टोपी काढतात, अंगरखा काढतात, खाचरात जाऊन उभे राहतात आणि डोळे मिटतात. मग सगळी वाडी गप्प. कुणी खोकलं तरी बाकीचे त्याच्यावर डोळे वटारतात. एकदा कुणीतरी पाहुण्यानं विचारलं होतं, वारा तर मलाही लागतोय की, त्यात काय एवढं? नाना म्हणाले होते, "आत्ताचा वारा शेळीलाबी कळतो. राब इझंस्तवर कुठला ऱ्हाईल त्ये सांग." त्या एका वाक्यानं नानांनी सगळ्या वाडीचं तोंड कायमचं बंद करून टाकलं होतं, असं मला आता वाटतं. कारण त्यानंतर वारा गालाला लागला तरी माणसं म्हणायची, हा आत्ताचा; नानाला पुढचा दिसतोय. नानांनी सांगायचं आणि त्यांनी ऐकायचं. शाळेत असताना मला याचा फार अभिमान होता. नोकरीला लागल्यावर तो कुठं गेला ते कळलं नाही. लग्न झालं, पुण्यात घर झालं, आणि भाजणीचा दिवस माझ्यापुरता एक फोन होऊन राहिला. आई सांगायची, झाली बाई भाजणी, नानांच्या सबदाबाहेर ठिणगी गेली न्हाई. मी म्हणायचे, बरं झालं. एवढंच.

मला वाटलं नानांना स्वयंपाकाला माणूस हवं आहे. यात माझं काही चुकलं असं अजूनही वाटत नाही, कुणालाही तेच वाटलं असतं. भाजणीच्या दिवशी हाताखाली आलेल्या सगळ्यांना जेवण द्यायचं असतं, ते आई करायची. मी स्वारगेटवरून एसटी धरली, वेल्ह्यात उतरून बेसन, कांदे, लाल मिरची घेतली, आणि गोरख मोटारसायकल घेऊन न्यायला आला. गोरख माझा चुलतभाऊ, आमच्याच शेजारी राहतो, नानांची शेतीही तोच बघतो. अर्ध्या वाटेत त्यानं गाडी बाजूला घेतली. "ताई, एक बोलू का? राग मानू नगंस." मी म्हटलं, बोल. "पल्याडच्या वाडीत औंदा भाजनी हातातनं ग्येली. सबंद माळ काळा झालाय बग. यकाचा गोठा ग्येला, वर फॉरेष्टवाल्यांनी क्येस टाकली त्ये निराळंच. आपल्याकडं न्हाई कधी आसं झालं. का? तर नानांचा सबूद. नानांनी सांगितल्याबिगर कोनबी काडी वडत न्हाई. पर आता त्यांचं वय झालं, त्या दुखन्यापास्नं मानसं कुजबुजत्यात. यकदा का सबूद चुकला की मंग मानत न्हाई कोनच. ज्याला वाटंल तो, वाटंल तवा पेटवनार. मंग आपल्या डोंगराचं काय खरं न्हाई." मी विचारलं, मग मी काय करू? "तू कायबी करू नगंस," गोरख म्हणाला. "तू आपली पिठलं कर." त्याचा राग आला, पण मुद्दा बरोबर होता.

दुखणं म्हणजे दोन वर्षांपूर्वी नानांना आलेला झटका. हलका होता असं भोरच्या डॉक्टरनी सांगितलं होतं. तोंड थोडं वाकडं झालं ते सरळ झालं, पाय ओढत होते ते चालायला लागले, काठी आली आणि गेली. माणसानं आणखी काय बरं व्हायचं? आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि आपापल्या कामाला लागलो. मधल्या काळात मी घरी गेले तेव्हा नानांच्या डाव्या गालावर दाढी करताना लागलेली मोठी चीर होती, रक्त ओघळून मानेवर वाळलेलं, आणि त्यांना पत्ता नव्हता. मी म्हटलं, "नाना, आरसा बदला आता." आई पदर ओला करून आली आणि त्यांची मान पुसायला लागली. पुसताना ती त्यांच्या डाव्या बाजूला बसली होती. मला वाटतं ती तेव्हापासून सगळीकडे डावीकडेच असायची, पंगतीत, ओट्यावर, एसटीत. हे मला तेव्हा दिसत होतं असं म्हणायला हवं, कारण आता आठवतंय. पण दिसणं वेगळं आणि त्याचं काही वाटणं वेगळं. गेल्या वर्षी योगायोगानं मी भाजणीला घरी होते. नाना डोळे मिटून उभे होते, आई तांब्या घेऊन खाचरात गेली, त्यांच्या डाव्या कानाशी वाकून काहीतरी म्हणाली, नाना घटाघटा पाणी प्याले, आणि मग त्यांनी शब्द दिला. शेजारच्या अंबूकाकू मोठ्यानं म्हणाल्या होत्या, "बगा की, म्हातारपनी साळू लाडानं पानी पाजतीया!" सगळ्या बायका हसल्या. आईही तोंडाला पदर लावून हसली. मीही हसले.

घरी पोचले तेव्हा नाना ओट्यावर बसले होते. "जेवलीस?" त्यांनी विचारलं. आई नसलेल्या घरात मी पहिल्यांदाच एकटी आत गेले. चूल कुणीतरी सारवून ठेवली होती. डबे जागच्या जागी होते, फक्त त्यांच्यावर हात फिरलेला नव्हता, झाकणांवर धूळ. मला रडू आलं नाही. मी धूळ पुसली. हे माझं नेहमीचंच आहे. आई गेली त्या दिवशीसुद्धा मी कपबश्या विसळत होते आणि लोक म्हणत होते, पोरगी घट्ट आहे. घट्ट वगैरे काही नाही. माझ्यापर्यंत गोष्टी उशिरा पोचतात, एवढंच. जेवताना नाना उजव्या बाजूनं चावत होते. मधेच म्हणाले, "उंद्या पानी तू आन." मी म्हटलं, "आणते की." "तुझ्या आयचा तांब्या घ्ये." मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान ताटात घातली. मला वाटलं, म्हाताऱ्याला बायकोची आठवण येतेय आणि ती त्याला नीट सांगताही येत नाहीये. मी म्हटलं, "नाना, थोडं पिठलं वाढू?" ते म्हणाले, वाढ.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर सगळे खाचरात जमले. मी भाकऱ्या थापून, पिठलं झाकून तिथं गेले आणि बघितलं तर सगळा आनंदीआनंद. पाण्याचा ड्रम एकच, तोही ओढ्याच्या बाजूला, जिथं त्याचा काही उपयोग नाही. डोंगराच्या बांधावरचं गवत अर्धवट काढलेलं. एक जण कापडी पिशवीत रॉकेलची बाटली घेऊन राबाला टेकून बसलेला, आणि वर बिडी ओढतोय. माझ्या अंगातलं नारिंगी जाकीट जागं झालं. मी गोरखला म्हटलं, ड्रम वर न्या, बांधावरचं गवत हातभर रुंद पट्ट्यात साफ काढा, खाली माती दिसली पाहिजे, बायकांना दोघी-दोघी करून डोंगराच्या अंगाला उभं करा, एकटीनं कुणी विझवायला पुढं जायचं नाही, नायलॉनच्या साडीत तर मुळीच नाही. बिडीवाल्याला मी असं काही बोलले की त्यानं बिडी चपलेखाली चिरडून वर हात जोडले. अंबूकाकू म्हणाल्या, "आगं बया, ही तर फौजदारीन झाली!" पण हसत हसत सगळ्यांनी ऐकलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. चौथ्या मजल्यावर कुणी मला एवढं ऐकत नाही. मी बांधावरून फिरत होते, इथलं उचला, तिथलं ओढा, आणि खालून नानांची हाक आली, "नूतन, पानी!" ते टोपी काढून, अंगरखा काढून, खाचराच्या मधोमध उभे होते, डावा हात ओढ्याकडे, उजवा डोंगराकडे. मी गुडघाभर गवतात होते, हातात विळा. मी आईचा तांब्या अंबूकाकूंच्या हातात दिला. "काकू, तेवढं नानांना द्या हो."

अंबूकाकूंनी नेऊन दिला. नानांनी डोळे उघडले, त्यांच्याकडे पाहिलं, तांब्या घेतला आणि प्यालेच नाहीत. "नूतन कुठाय?" मी वरून म्हटलं, "ही काय, इथंच आहे." "पानी दे." "आत्ता दिलं की काकूंनी!" लोक हसले. मी विळा ठेवून खाली आले, पण ते हसू माझ्याही तोंडावर होतं, आणि मी त्यांच्यापासून थोडं अलीकडेच थांबले, कारण आता नाना डोळे मिटणार आणि अशा वेळी कुणी जवळ जायचं नसतं, हेच मी लहानपणापासून शिकले होते. नाना क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. त्या बघण्यात काय होतं ते मी आता रोज उठून ठरवते आणि रोज वेगळं ठरवते. मग त्यांनी डोळे मिटले. वाडी गप्प झाली. मी त्यांच्याच दिशेला तोंड करून उभी होते. वारा फार नव्हता. झाडांची पानं झडलेली, हलायला काही नाही, धूर तर अजून निघायचा होता. पण घामेजलेल्या डाव्या गालाला मला गार लागलं. ओढ्याकडून वर येणारा, हलका, एकसारखा वारा. राब विझेपर्यंत कुठला राहील ते मला माहीत नव्हतं, पण आत्ता तरी तो ओढ्याकडून डोंगराकडे चालला होता. नानांनी मान हळूच उजवीकडे वळवली, तिकडे थोडा वेळ धरली, आणि डोळे उघडले. "वरचा वारा हाय," ते म्हणाले, म्हणजे डोंगराकडून येणारा. "वढ्याकडनं लावा."

एकही माणूस ओरडत उठला नाही. सगळ्यांच्या गालांना तोच वारा लागत असणार. ते माझ्याच बाजूला तोंड करून उभे होते. पण कुणी आपला गाल विचारातच घेतला नाही. नानांनी सांगितलंय म्हटल्यावर आपल्याला काय लागतंय ते बघायचंच नाही, ही सवय हाडात गेलेली. मी नानांच्या डाव्या गालाकडे पाहिलं. त्यावर एक माशी बसली होती, डोळ्याच्या अगदी खाली, चालत होती, आणि त्यांना तिचा पत्ता नव्हता. तेव्हा मला सगळं एकदम कळलं. चीर, ओला पदर, तांब्या, कानाशी वाकलेली आई. गोरख ओढ्याच्या टोकाला पोचून खाली वाकला, त्यानं काडेपेटी काढली. आणि माझ्या पोटातून आवाज निघाला. "थांबा! कुणीही पेटवू नका! वारा ओढ्याकडून आहे! डोंगराकडून लावा!" असा स्वच्छ, पुणेरी, जिन्यातला आवाज. डोंगरावर आपटून तो परत आला. गोरखचा हात हवेत थांबला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग, एकेक करून, नानांकडे. मग एका म्हाताऱ्यानं आपला स्वतःचा गाल चाचपला. दुसऱ्यानं मूठभर माती उचलून सोडली आणि ती डोंगराकडे उडाली. नाना खाली वाकले, अंगरखा उचलला, झटकला, आणि बाहीत हात घालायला लागले. डावी बाही त्यांना सापडत नव्हती. मी पुढं झाले तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

राब डोंगराकडून लावला. आग बोटबोट मागं सरकत ओढ्यापर्यंत आली, वारा शेवटपर्यंत होता तिथंच राहिला, एक ठिणगी बांधाबाहेर गेली नाही. एवढी छान भाजणी कित्येक वर्षांत झाली नाही, असं जेवताना लोक म्हणाले. मला ऐकू जाईल असं, नानांना ऐकू जाणार नाही असं. नाना जेवायला बसले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले. दिवेलागणीला सगळे गेल्यावर मी त्यांच्याजवळ ओट्यावर जाऊन बसले, आणि कुठल्या बाजूला बसावं ते मला कळेना, म्हणून समोर पायरीवर बसले. धुराचा वास घरभर होता. "बरं क्येलंस," नाना म्हणाले. "डोंगर ग्येला आसता." "पर कानात सांगायचं हुतंस." "तुझी आय कानात सांगायची. पानी देताना. म्या प्यायचो आन मंग बोलायचो." मी म्हटलं, "नाना, तुम्ही मला आधी सांगायचं ना! नुसतं पाणी आण म्हटलंत. पाणी आण म्हणजे वारा सांग, हे मला कसं कळावं?" नानांनी माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही, नुसतं. "तिला सांगाया लागलं न्हवतं," ते म्हणाले, आणि उठून आत गेले.

मी पुण्याला परत आले. माणूस परत येतोच. मला लाज वाटत होती आणि राग येत होता, दोन्ही एकदम, आणि त्यातलं कुठलं आधी उतरेल याची वाट बघण्यापलीकडे मी काही केलं नाही. मी बरोबर होते. याबद्दल दुमत नाही. शिवानीला सांगितलं तर ती मला पुढच्या ट्रेनिंगमध्ये उभं करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावेल. धोका दिसला तर ताबडतोब, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं, कुणाची भीडभाड ठेवायची नाही. पण मी जिना उतरताना, कुकर लावताना, सिग्नलला थांबलेली असताना पुन्हा पुन्हा त्या खाचरात जाऊन उभी राहत होते. नाना माझ्यापासून चार पावलांवर होते. गोरखनं नुसती काडेपेटी काढली होती, अजून वाकून तो पाचोळा सारखा करत होता. मी पुढं होऊन त्यांच्या कानाशी "वारा ओढ्याकडनं" एवढंच म्हटलं असतं, ते म्हणाले असते, थांब रं गोरख, वारा फिरतुया. वेळ होता. वेळ नव्हता असं म्हणायला मिळालं असतं तर किती बरं झालं असतं! आणि दुसरं मन लगेच म्हणायचं, मग पुढच्या वर्षी? त्याच्या पुढच्या? एखाद्या वर्षी पाणी नेणारं कुणी नसतं, आणि डोंगर जातो, आणि त्यात कुणाची म्हैस, कुणाचं माणूस. आई दोन वर्षं सगळ्या वाडीला पाण्याच्या तांब्यावर फसवत होती, हेही खरंच आहे. प्रेमानं फसवत होती म्हणून आग काही तिची भीड ठेवणार नव्हती. असं मी आईलाही दोषी धरून पाहिलं. त्यानं काही हलकं वाटलं नाही. घरातलं माणूस गेल्यावर त्याच्याशी भांडण काढायचं म्हणजे भिंतीवर डोकं आपटण्यासारखं आहे. नानांचे मिस्ड कॉल बंद झाले होते. मी फोन लावला की ते उचलायचे, "बराय," म्हणायचे, आणि ठेवायचे.

मग एका दुपारी ऑफिसात गोरखचा फोन आला. मागं माणसांची गलबल. "ताई, वरल्या आळीचं राब ऱ्हायल्यात. समदी जमल्यात हितं. बोल, कुठनं लावायचं?" मला आधी कळेचना. "मला काय विचारतोस? मी पुण्यात आहे." "आगं पर नानांनीच सांगितलं. म्हनले, आता वारा नूतन सांगती, तिला इचारा." त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, तो खरोखर वाट बघत होता. मी काचेजवळ गेले. आमच्या काचा उघडत नाहीत. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. नाना मला टोमणा मारत होते, की खरंच हवाली करत होते, की दोन्ही, हे मला ठरवता येईना, आणि तिकडे सगळी आळी काडी हातात घेऊन उभी होती. "नानांकडे फोन दे," मी म्हटलं. खरखर झाली. मग फोनमध्ये नुसता वारा ऐकू यायला लागला, मोबाईलवर आदळणारा, कुठल्या बाजूचा ते न सांगणारा. "हं," नाना म्हणाले. आता मी त्यांच्या अगदी कानात बोलत होते, आणि सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. मी म्हटलं, "नाना, डोंगराकडे तोंड करून उभे राहू नका. आडवे उभे राहा, नेहमीसारखे." "हाय. पर हितं डोंगर डाव्या अंगाला यतो." "उजव्या गालाला काय लागतंय?" "कायसुदीक न्हाई." मी विचारणार नव्हते, पण दुसरं विचारायला काही उरलंच नव्हतं. "मग डाव्या?"

मागची गलबल थांबली, म्हणजे माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत असावीत. मी म्हटलं, "नाना, राहू दे. आज नका भाजू. उद्या मी येते, सुट्टी टाकते, मी येते." त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. फोन त्यांच्या कानापासून दूर गेला असावा, कारण पुढचं बोलणं माझ्याशी नव्हतं. ते मोठ्यानं होतं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आयका रं. ह्ये डावं अंग म्येलंय माझं. दोन वर्सं झाली. वारा साळू सांगायची आन म्या बोलायचो. ती ग्येली, आता मला कळत न्हाई. तुमास्नी द्येवानं गाल दिल्यात का न्हाई? मंग आपापलं बगा की." त्यानंतर फोनमध्ये पुन्हा नुसता वारा. मी काचेला टेकून उभी होते आणि माझे डोळे वाहत होते, आईच्या वेळी न आलेलं सगळं तेव्हा येत होतं, आणि मागून कुणीतरी विचारत होतं, मॅडम, बरं आहे ना? मी हातानं त्याला गप्प केलं. तिकडे सगळी आळी उघड्या तोंडानं उन्हात उभी असणार, आयुष्यात पहिल्यांदा आपल्या कातडीला काय लागतंय ते बघत. मग अंबूकाकूंचा आवाज आला, जरा भीत भीतच, "डोंगराकडनं वाटतुय मला." आणखी कुणीतरी म्हणालं, "व्हय, वरनंच हाय." मग गोरख, "वरनंच हाय, नाना." नानांनी खाकरून घसा साफ केला.

"मंग हुबं काय ऱ्हायलाय माझ्या तोंडाकडं बगत?" ते म्हणाले. "वढ्याकडनं लावा."